चमत्कार, सिद्धी आणि संतांची शिकवण

भाविकहो, 'चमत्काराशिवाय नमस्कार नाही' अशी म्हण आहे. पैठणक्षेत्री नागघाटावर आलेल्या यात्रेकरूच्या मनातही प्रश्न उभा राहतो : ज्ञानेश्वर माउलींनी रेड्यामुखी वेद वदविले, हे बुद्धीला कसे पटावे ?

या प्रश्नाने श्रद्धेस बाध येत नाही. सिद्धींचा विचार आपल्या शास्त्रकारांनीच केला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादात अनेक सिद्धी वर्णिल्या आहेत आणि त्या समाधिमार्गातील विघ्ने होत, असा इशाराही तेथेच दिला आहे. अर्वाचीन काळी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. हृदय थांबवितात अशी ख्याती असलेल्या काही योग्यांची वेंगर, बागची व आनंद या शास्त्रज्ञांनी तपासणी केली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नाडी हाताला लागेनाशी झाली, तरी यंत्राच्या आलेखात हृदयाचे ठोके चालूच होते. श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळले असता हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते व नाडी क्षीण होते. हे सामर्थ्य अभ्यासाने मिळते. त्याने कोणी देव होत नाही.

रेड्याच्या कथेला मात्र असे यंत्र लावता येत नाही. तिचे मर्म निराळे आहे. शुद्धिपत्रासाठी आलेल्या भावंडांचा उपहास झाला. रेड्यावर मारलेल्या आसुडाचे वळ माउलींच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. सर्वांभूती एकच आत्मा, हा तिचा बोध होय. याच पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवास पाजली. तेथे कोणती सिद्धी लागली ? केवळ करुणा लागली.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हाच विवेक राखला आहे. दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन त्यात गुन्हा ठरत नाही. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसविणे व पैसा मिळविणे मात्र दंडनीय आहे.

म्हणून सिद्धीच्या नावाने कोणी द्रव्य मागितल्यास भाविकांनी देऊ नये. रुग्णास प्रथम वैद्यांकडे न्यावे, मग देवाचा अंगारा लावावा. दान करणे ते कार्यालयात पावती घेऊन करावे. भुकेल्यास अन्न आणि तहानेल्यास पाणी देणाऱ्या हातांत नाथांचीच कावड आहे.

॥ जय जय रामकृष्ण हरी ॥