कार्ड चालतं का?

बेळगावहून खानापूरच्या दिशेने निघाले की उद्यमबाग मागे पडते आणि पिरनवाडी लागते. या पट्ट्यातल्या मराठी घरांत आजारपणाचा विषय निघाला की गेली काही वर्षे बोलणे एकाच प्रश्नाशी येऊन अडते: कार्ड कुठल्या सरकारचे? महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना खुली केली. कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. जानेवारी २०२४ मध्ये बेळगावच्या प्रशासनाने या योजनेचे अर्ज भरून घेणारी केंद्रे बंद पाडली. मोर्चे निघाले, निवेदने गेली, विधानसभांत शब्दाला शब्द लागला. भांडण सीमेचे होते, त्यामुळे त्यातला आरोग्याचा भाग कुणी फारसा तपासला नाही. दोन्हीकडच्या लोकांनी एक गोष्ट मात्र एकमताने धरून ठेवली होती. कार्ड मिळाले की माणसाच्या दवापाण्याची सोय झाली.

तशी ती होत नाही. सीमाभागातल्या कुठल्याही घरात महिन्याच्या किराण्याइतक्याच नेमाने बीपी-शुगरच्या गोळ्या येतात. लहान मुलाचा ताप, म्हातारीचे गुडघे, रक्ताची तपासणी, ‘स्कॅनिंग करून आणा’ म्हणून हातात पडलेली चिठ्ठी हे सगळे रोकडीवर चालते. औषध दुकानाच्या काउंटरवर बेंगळुरूचे कार्ड चालत नाही आणि मुंबईचेही चालत नाही. तिथे खिसाच चालतो.

दुसरी समजूत याहून जुनी आणि जास्त घातक आहे. सगळ्यांना मोफत उपचार द्यायचे तर सरकारने पैसा आणायचा कुठून, असे विचारणारा माणूस स्वतः त्या पैशाचा मोठा हिस्सा आधीच भरत असतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशात आरोग्यावर माणशी ६,६०२ रुपये खर्च झाले. त्यांपैकी सरकारने ३,१६९ रुपये खर्च केले आणि लोकांनी उपचाराच्या वेळी थेट खिशातून २,६०० रुपये मोजले. म्हणजे पाच माणसांच्या घराचे सरासरी १३,००० रुपये. आता दुसरी बाजू. सरकारचा खर्च तेव्हा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ही तफावत भरून काढायला त्या वर्षीच्या हिशेबाने माणशी सुमारे १,१४० रुपये लागले असते, पाच जणांच्या घरामागे ५,७०० च्या आसपास. जी रक्कम देशाला परवडत नाही असे सांगितले जाते, तिच्या दुपटीहून अधिक रक्कम तेच घर मुकाट्याने मोजत असते. २.५ टक्क्यांत खिशातला सगळा खर्च संपेल असे नाही. पण पैसा नाही, हे कारण या आकड्यांपुढे टिकत नाही.

पैसा आहे. तो कधी आणि कशाच्या बळावर गोळा करायचा, एवढाच खरा वाद आहे, आणि त्या वादाला मोठा इतिहास आहे. बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांचा आजारविमा आणला, १९४२ मध्ये बेव्हरिजचा अहवाल आला, १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. ही वाट वाचकांच्या परिचयाची आहे. आपल्याकडे त्याच सुमारास दोन अहवाल झाले. प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना मांडली आणि ‘छोटे बेव्हरिज’ हे नाव मिळवले. १९४६ मध्ये भोर समितीने सांगितले की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडता कामा नयेत, आणि ही सेवा सरकारी तिजोरीतून चालावी. आडारकर विम्याचे आणि भोर सेवेचे, अशी विभागणी पुढे रूढ झाली. ती वरवरची आहे. आडारकरांच्या विम्यात दवाखाना होता, औषध होते, आजारपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई होती. ‘विमा’ या शब्दाने त्या पिढीला इस्पितळात दाखल झाल्यावरचे बिल एवढेच अभिप्रेत नव्हते.

त्याचा पुरावा उद्यमबागेच्या कारखान्यांतच मिळतो. आडारकरांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजही ज्याचे ई.एस.आय. कापले जाते त्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जमा होते. त्या बदल्यात साध्या खोकल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे त्यात बसते, बायकामुलांसकट. तक्रारी पुष्कळ असतात: रांगा लांब, औषध संपलेले, डॉक्टर बदलीवर. तरी बिल द्यायचे कसे, हा घोर त्या रांगेत नसतो. पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की वर्गणीचा चालू काळ संपल्यावर हे छत्र सुटते. काम कंत्राटी झाले आणि कंत्राटदाराने नाव नोंदवलेच नाही, तरी सुटते. सुटल्यावर त्याच माणसाला कळते की आपण काय गमावले.

निपाणीच्या विडी कामगार बायकांसाठीही असाच एक धागा होता. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसला आणि त्या पैशातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. त्यावर फार कुणी आवाज उठवला नाही.

आता त्या वळणाकडे यावे, ज्याचा अर्थ बहुतेकांनी उलटा लावला. ते वळण कर्नाटकातच आले. नोव्हेंबर २००२ मध्ये राज्याच्या सहकार खात्याने हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेवरून यशस्विनी ही शेतकऱ्यांची आरोग्य योजना जाहीर केली आणि जून २००३ पासून ती चालू झाली. सहकारी संस्थेच्या सभासदाने वर्षाला ६० रुपये भरायचे, म्हणजे महिन्याला ५ रुपये. सरकारने थोडी भर घातली. सुमारे १,६०० शस्त्रक्रियांची यादी ठरली आणि ठरलेल्या दरात त्या करून देणारी रुग्णालये जोडली गेली. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोकांनी वर्गणी भरली.

या घटनेचा प्रचलित अर्थ असा, की यशस्विनीने गरिबांसाठी विमा यशस्वी करून दाखवला आणि त्यातूनच पुढे सर्वांसाठीच्या आरोग्यकवचाचा मार्ग निघाला. यात दोन चुका आहेत. पहिली चूक अशी, की यशस्विनीत विमा कंपनी नव्हतीच. एक विश्वस्त संस्था होती, सभासदांचा पैसा तिच्याकडे जमा व्हायचा आणि तीच रुग्णालयांची बिले भागवायची. गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी घरोघरी जाऊन वर्गणी गोळा करायचा. हा पैसा उभा राहिला तो ओळखीच्या संस्थेवरच्या विश्वासावर. ज्या मुलखात १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला देशातली पहिली कृषी पतपेढी निघाली, ज्या बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीच्या लोकांनी सहकारी संस्था काढून गावोगाव वीज नेली, तिथे हे घडावे यात नवल नाही. आजही इथल्या बायका भिशी लावतात. सगळ्यांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याची वेळ येईल त्याने उचलायचे, हे या घरांना कुणी शिकवावे लागत नाही.

म्हणून यशस्विनीचा खरा धडा वर्गणीत होता. आपल्या लोकांना सगळे फुकट हवे असते, या समजुतीला त्या १६ लाख लोकांनी उत्तर दिले होते. निरोगी असताना, आधीच, आपल्या ऐपतीप्रमाणे भरायला ते तयार होते. तिसऱ्या वर्षी वर्गणी दुप्पट होऊन १२० रुपये झाली तेव्हा सभासद घटले, तरी योजना मोडली नाही आणि संख्या पुढे पुन्हा वाढली. ऐपतीप्रमाणे आधी भरणे आणि गरजेप्रमाणे नंतर घेणे, यालाच मोठ्या प्रमाणावर कर म्हणतात.

दुसरी चूक, शस्त्रक्रियांच्या यादीलाच आरोग्यकवच समजण्याची, जास्त महागात पडली. यादी शस्त्रक्रियांचीच का होती? कारण त्या वेळी राज्यातल्या खासगी रुग्णालयांच्या कितीतरी खाटा आणि शस्त्रक्रियागृहे रिकामी पडून होती, आणि त्या रिकाम्या जागा स्वस्तात वापरता येतील असा हा हिशेब होता. तो हुशार हिशेब होता, पण आजाराकडे पाहून मांडलेला नव्हता, रिकाम्या खाटांकडे पाहून मांडलेला होता. बाह्यरुग्ण तपासणी मोफत होती, गोळ्या-औषधांचा खर्च घरचाच राहिला. सहकारी सभासदांच्या एका योजनेसाठी ही मर्यादा समजण्यासारखी होती. पुढच्या सरकारांनी मात्र वर्गणी आणि सभासदत्व सोडून दिले आणि शस्त्रक्रियांची यादी तेवढी उचलली. २००७ मध्ये आंध्रात राजीव आरोग्यश्री आली, २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, २०१० मध्ये गुलबर्गा आणि बेळगाव विभागांत वाजपेयी आरोग्यश्री, २०१२ मध्ये महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना, जिला २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये आयुष्मान भारत. रकमेचा आकडा वाढत ५ लाखांवर गेला. ‘कव्हर’ या शब्दाचा अर्थ मात्र आकसत गेला आणि खाटेवर पडल्यानंतर सुरू होणारी मदत एवढाच उरला.

ही मदत लहान नाही, हे मान्य केलेच पाहिजे. वाजपेयी आरोग्यश्रीचा अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. योजना मिळालेल्या गावांत, योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू शेजारच्या योजना न मिळालेल्या गावांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी दिसले. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला कार्डाची किंमत कुणी सांगायला नको.

पण घर कशाने खचते? २०११-१२ च्या खर्चाच्या आकडेवारीवरून झालेल्या एका अभ्यासात दिसले की त्या वर्षी आजारपणाच्या खर्चाने देशातले सुमारे ५.५ कोटी लोक दारिद्र्यरेषेखाली ढकलले गेले, आणि त्यांपैकी ३.८ कोटी केवळ औषधांच्या खर्चाने. म्हणजे ऑपरेशनने माणूस एकदा हादरतो, गोळ्यांनी घर दर महिन्याला झिजते. ती झीज बातमीत येत नाही. ती पतसंस्थेत गहाण पडलेल्या पाटल्यांत दिसते, बचत संघाच्या कर्जाच्या आठवड्याच्या हप्त्यात दिसते आणि गोळी दिवसाआड घेणाऱ्या म्हाताऱ्यांत दिसते. दिवसाआड गोळी घेणारा तो रुग्ण एक दिवस पक्षाघाताने बेळगावच्या केएलई रुग्णालयात किंवा सिव्हिल इस्पितळात दाखल होतो. तेव्हा कुठे कार्डाचा उपयोग सुरू होतो.

कार्डालाही अटी आहेत. कर्नाटकात खासगी रुग्णालयात जायचे तर तातडीची वेळ सोडून आधी सरकारी रुग्णालयाचे पत्र लागते. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या, कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्केच सरकार देते. पिरनवाडीतला फौंड्रीत काम करणारा, स्वतःचे दोन खोल्यांचे घर असलेला माणूस बीपीएलमध्ये बसला नाही तर ७० टक्क्यांची तजवीज त्याने करायची. आणि दाखल होण्याचा खर्च कुठे किती येतो? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बाळंतपणे वगळून सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये खर्च आला होता. सरकारी दवाखाना मजबूत करण्यापेक्षा खासगी बिल भागवणे सोपे वाटत असेल, स्वस्त मात्र नाही.

यावर सरकारी दवाखान्याचा अनुभव सांगितला जातो, आणि तो खोटा नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणी दगावल्या आणि सलाईनच्या दर्जावर प्रश्न उभे राहिले. नुसता पैसा ओतून सेवा उभी राहत नाही. औषध खरेदी सचोटीने करावी लागते. तमिळनाडूने १९९४ मध्ये त्यासाठी वेगळे महामंडळ काढले, घाऊक निविदांनी जेनेरिक औषधे घेतली, गोदामांत तपासून दवाखान्यांना पोचवली. राजस्थानने २०११ मध्ये तोच कित्ता गिरवला आणि सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत केली.

थायलंड याच, आधी सरकारी सेवा उभी करण्याच्या, रस्त्याने गेला. २००२ मध्ये तिथे भेटीला ३० बाट, एवढ्यावर इतर कुठले कवच नसलेल्या सगळ्या जनतेसाठी सेवा खुली झाली आणि लोकांच्या खिशातून जाणारा वाटा सुमारे एक तृतीयांशावरून दहाव्या हिश्शाच्या आसपास आला. त्याचे श्रेय ३० बाटच्या योजनेला दिले जाते. पण त्याआधीच्या वीस वर्षांत त्या देशाने शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचा पैसा अडवून तालुक्यांचे दवाखाने बांधले आणि तरुण डॉक्टरांना खेड्यांत पाठवले. सर्वांसाठीच्या आरोग्यकवचावरच्या डॉ. श्रीनाथ रेड्डी समितीने २०११ मध्ये आपल्यालाही हेच सांगितले होते: करातून पैसा उभा करा, औषधे मोफत द्या, विमा कंपन्यांना मध्ये घेऊ नका. सात वर्षांनी आपण आयुष्मान भारतचे कार्ड काढले.

सीमेवरच्या माणसाला या गोंधळाची किंमत दुहेरी पडते. सेवा असली की ती दारात आलेल्या रुग्णाची असते. कार्ड आले की आधी आपला-परका ठरतो. जानेवारी २०१८ मध्ये गोव्याच्या बांबोळी इस्पितळाने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्ग आणि बेळगावच्या लोकांनी याचा अनुभव घेतला. कार्डाचा हक्क मिळवण्यासाठी इथले लोक भांडतात ते रास्तच आहे. महाराष्ट्राने देऊ केलेला हक्क कर्नाटकाने अडवू नये. पण त्या भांडणात ज्या मागणीला कुणीच सीमा घालू शकत नाही ती मागणी हरवू नये: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज डॉक्टर असावा, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या वर्षभर, न संपता, मोफत मिळाव्यात.

पिरनवाडी, मच्छे, येळ्ळूर, निपाणी इथल्या वाचकांनी एक करावे. औषध दुकानाच्या पावत्या फेकू नयेत. वर्षभर एका पिशवीत जमवाव्यात, मार्चअखेर बेरीज करावी आणि मत मागायला येईल त्याच्या हातात, पक्ष कुठलाही असो आणि भाषा कुठलीही असो, तो आकडा ठेवावा.