आतला चरा

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात एक आत्या राहायची. साताऱ्याहून लग्न होऊन गेलेली, सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेली. घरच्या घरी बिअर करायचा तिला छंद. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७९ पासून याला मुभा आहे. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. आत्या त्यातली चिमूटभरच करायची, पण निगुतीने करायची.

तिचा भाचा तिकडे शिकायला गेला आणि तिच्याकडेच राहिला. पहिल्याच आठवड्यात तिने त्याला यीस्टचं काम समजावलं.

"विरजण लावतो ना आपण, तसंच हे," ती म्हणाली. पाकिटातलं यीस्ट दिवसागणिक दुबळं होत जातं. त्याला एकदम वीस लिटरच्या पिंपात लोटायचं नाही. आधी १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम माल्टची पूड नीट विरघळवायची, काचेच्या फ्लास्कमध्ये दहा-पंधरा मिनिटं उकळायची, म्हणजे नको ते जंतू मरतात. मग २० अंशांपर्यंत निवू द्यायची, यीस्ट सोडायचं, तोंडावर फॉइल झाकायची आणि एक-दोन दिवस ठेवायचं. घाईने गरमातच सोडलं तर कढत दुधाला विरजण लावल्यासारखं, सगळं वाया.

फ्लास्क म्हणजे आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं शंकूपात्र. एमिल एर्लेनमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६० साली त्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि तो आकार आजही तसाच आहे. खाली रुंद, वर निमुळता. आत्याचे फ्लास्क बोरोसिलिकेट काचेचे होते. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून विस्तवावर टिकते. तरीही शेगडीवर ठेवण्यापूर्वी आत्या प्रत्येक फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरून सावकाश गोल फिरवायची. देवाची मूर्ती पुसावी तसं तिचं ते बघणं असायचं.

एकदा भाच्याने पूड नीट विरघळण्याआधीच शेगडी पेटवली. माल्ट तळाला करपलं. काळा डाग साध्या ब्रशने निघेना, तेव्हा त्याने लांब दांड्याला तारेची घासणी बांधली आणि आतून खसाखसा घासलं. डाग गेला. तळाशी केसाएवढी एक रेघ मात्र उमटली. बोट काही आत पोचत नव्हतं, पण उजेडात ती चमकली.

त्याने फ्लास्क पालथा घालून ठेवला. आत्या रागावेल, फेकून देईल, शिवाय महागाची वस्तू. कपाचा कान तुटला की तो फळीवर मागे सरकवून ठेवणाऱ्या प्रत्येक पोराला ही भीती ओळखीची आहे, आणि मला त्या पोरांची फार कणव येते.

पुढे दोन आठवडे भाच्याने तो फ्लास्क पाणी मोजायला वापरला. काही झालं नाही. त्याला वाटलं, रेघ भरून आली असावी.

शनिवारी आत्याने तोच फ्लास्क उचलला आणि खिडकीकडे वळली.

"मी बघितलाय, आत्या. ठीक आहे."

तिने विश्वास ठेवला. शेगडीवर तारेची जाळी, जाळीवर फ्लास्क. उकळी यायला लागली, फेस मानेपर्यंत चढला, आत्याने तो खाली बसवायला हात पुढे केला आणि टक् असा बारीक आवाज झाला. तळ जागेवरच राहिला, वरचा भाग तिरका झाला. चिकट, उकळतं माल्ट तिच्या मनगटावर आलं.

वीस मिनिटं ती नळाखाली हात धरून उभी होती. भाचा शेजारी. मग त्यानेच सांगितलं सगळं.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "बाहेरची काच आधी तापते, फुगू बघते. आतली अजून तेवढी तापलेली नसते, ती ताणली जाते. चरा आतून असला की सगळा ताण त्या एका रेघेवर येतो. थंड पाण्यात तो लपतो रे. विस्तवावर नाही लपत."

"तू फेकून दिला असतास म्हणून..."

"ये इकडे."

तिने वरचं कपाट उघडलं. आत सहा-सात फ्लास्क होते, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्या अक्षरात दोन शब्द: फक्त थंड. कुणात धुतलेले हॉप्सचे चमचे, कुणात मोजायचं पाणी, एकात मनीप्लांट.

"या सगळ्यांना माझ्याच हातून चरे पडलेत," ती म्हणाली. "चरा पडला हे कळलं की त्याला त्याच्या जोगतं काम देता येतं. मला कळलंच नाही, तर मी काय करू?"

तिच्या मनगटावरचा फोड बसायला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस भांडी, पीठ, वेणी घालताना आरसा धरणं, सगळं त्याने केलं.

थंडीत एका रात्री अकराच्या सुमाराला तिच्या दारावर टकटक झाली.

"आत्या, झोपलीस? नव्या फ्लास्कला माझ्या हातून चरा पडला. बहुतेक."

"बहुतेक?"

"मला दिसत नाहीये. पण धुताना ब्रशची तार खरवडल्याचा आवाज आला."

आत्या उठली. तिने दिवा लावला, चष्मा शोधला. दोघांनी फ्लास्क उजेडात धरून पुष्कळ वेळ फिरवला. मग तिने खणातून चिकटपट्टी काढली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"अक्षर मोठं काढ," ती म्हणाली. "मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."