वास्तु कोणाची?

एखाद्या वास्तूचें मोल तिच्या कर्त्याच्या हेतूवरून ठरवावें, कीं तिचा जो नित्य उपयोग होतो त्यावरून, हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीचा नाहीं. नागपूरच्या रेल्वे स्टेशनाच्या दगडी इमारतीस २०२५ सालीं शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें तो आम्हांस विशेष विचारणीय वाटतो.

प्रथम इतिहास पाहूं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. या मुलखांतील कापूस मुंबई बंदरास नेणें हा तिचा एक मुख्य उद्देश होता. १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली, तीही कापूस आणि रूळ दोन्ही हाताशीं होते म्हणून. हल्लींच्या इमारतीचें उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजीं मध्यप्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं केलें. सत्तेचा दिमाख आणि व्यापाराची सोय या दोहोंपुढें तिसऱ्या वर्गाच्या उतारूची काय कथा? त्याच्या हालांविषयीं गांधीजींनीं १९१७ सालींच लिहिलें होतें. तो वर्ग नांवानें तरी नाहींसा व्हावयास १९७४ साल उजाडावें लागलें.

मग अशा वास्तूचें कौतुक कशाला, असें कोणी विचारील. आक्षेप क्षुल्लक नाहीं. परंतु विहीर कीर्तीच्या लोभानें खणलेली असली, म्हणून तिच्या पाण्यानें तहान भागत नाहीं काय? कर्त्याचा हेतु कर्त्याबरोबर जातो. वास्तूस पुढें अर्थ देतात ते तिचा वापर करणारे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तेव्हांपासून दरवर्षीं त्यांचे असंख्य अनुयायी दीक्षाभूमीच्या दर्शनास येतात, आणि त्यांतील कितीएकांचें या नगरांतील पहिलें पाऊल याच स्टेशनांत पडतें. ज्यांच्या पूर्वजांस देवळाची पायरीही मना होती, ते येथें उजळ माथ्यानें उतरतात. हा अर्थ गव्हर्नरसाहेबांच्या मनांत खास नव्हता! यानें कर्त्याचा दोष धुऊन निघत नाहीं. पण या अर्थाचें श्रेयही त्याच्याकडे जात नाहीं.

११ डिसेंबर २०२२ रोजीं या स्टेशनाच्या पुनर्विकासाची कोनशिला बसली. खर्चाचा अंदाज सुमारें ५९० कोटि रुपयांचा सांगितला गेला. जुनी इमारत राखावी हें योग्यच आहे. पण दगड राखले आणि त्यांस अर्थ देणारा माणूस विसरला, तर आपण राखलें तें काय? रोज वर्धेहून नोकरीस येणारा कारकून, आजारी बापास शहरच्या इस्पितळांत आणणारा खेडूत, ओझ्याखालीं वांकलेला हमाल, यांना पाणी प्यावयास आणि घटकाभर निःसंकोच टेकावयास जागा आहे कीं नाहीं, हीच नव्या बांधकामाची कसोटी. ज्याच्या खिशांत केवळ तिकिटापुरते पैसे आहेत, त्याला तेथें परकें वाटतां कामा नये.

जुन्या वास्तूचा हेतु परक्यांनीं ठरविला होता. नव्या वास्तूचा हेतु ठरविणारे आपणच आहों. तो हीन ठरला, तर दोष द्यावयास कोणी गव्हर्नरसाहेब सांपडणार नाहींत.