आधी कोणाचे?

गाव वा शहर नव्याने उभे करावयाचे म्हटले म्हणजे काय काय हवे, याची यादी कोणीही करील. पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना, मंदिर, बाजार. यांतील नको असे काहीच नाही. अडचण येते ती क्रम लावताना. ज्याची पाळी मागे पडली त्याला थांबावे लागते. म्हणून हा प्रश्न वरून हिशेबाचा दिसला तरी मुळात धर्माचा आहे: आपण थांबावयास कोणाला सांगतो?

आपल्या भागात तो आता दाराशी आला आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जामसावळीस ‘हनुमान लोक’ या देवस्थान-परिसराचे भूमिपूजन झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. १९५६ पूर्वी आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती, पुढे भोपाळ झाली. आता निदान कलेक्टरकचेरी तरी जवळ आली. अर्ज करणाऱ्याचे गाडीभाडे वाचले, हे काही थोडे नव्हे. परंतु जिल्ह्याच्या गावी इमारती उठाव्यात आणि ज्या खेड्यांच्या संत्र्यांवर तेथील बाजार चालतो त्यांची पाळी पुढल्या वर्षावर जावी, असे होणे फार सोपे असते.

पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. साक्षात् भगवंत दाराशी आला असता तो आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने वीट पुढे टाकली व देवाला तीवर उभे केले. आम्हांस या कथेत भक्तीइतकाच क्रमाचा निर्णय दिसतो. पुंडलिकाने देवाला कमी लेखले नाही; थांबल्याने कोणाचे काय बिघडते, एवढेच पाहिले. देव थांबू शकतो, म्हाताऱ्यांचे दुखणे थांबत नाही. हा निकष लावला तर उन्हाळ्यात हंडा घेऊन दूर जाणारी बाई आधी येते, सभामंडपाची फरशी मागाहून. जामसावळीचे मारुतिराय तर निजलेल्या रूपातच आहेत. त्यांना घाई असेलसे वाटत नाही.

हे लिहिताना आमचे मन अगदी स्वच्छ आहे असे म्हणवत नाही. आम्ही पुजाऱ्याच्या घरचे. आमची चूल देवापुढच्या ताटावर चालते, आणि यात्रेकरू वाढले तर ताटही भरते. नारळवाल्याचे, फुलवालीचे पोटही त्यांच्यावरच आहे. तेव्हा मंदिराचा खर्च व्यर्थ, असे आम्ही म्हणणार नाही. पण गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरताच आधी झाडू हाती घेत, कीर्तन रात्री होई. क्रम बदलला असता तर कदाचित कीर्तनास गर्दी तेवढीच झाली असती; रस्ता मात्र तसाच राहिला असता.

मंडळाच्या येत्या सभेत शिखराच्या कामाचा विषय आहे. त्याआधी वस्तीच्या पाण्याचा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. हा मजकूर वडिलांस वाचून दाखविला. ते म्हणाले, “छापायला दे, पण शिखर गळते आहे, हेही लिही.”

शिखर गळते आहे.