दोष कोणाचा?

संगणकावरील खेळांत हार झाली कीं ‘इंटरनेट मंद होतें’ असें म्हणून खेळाडू मोकळा होतो. हें खरें असूं शकेल; पण तें तपासून पाहण्याची तसदी किती जण घेतात? वस्तुतः येथें दोष दोन आहेत: एक चित्राचें अडखळणें, दुसरा उत्तरास लागणारा विलंब. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर प्रत्येक चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखादें चित्र तेवढ्यांत सिद्ध झालें नाहीं कीं दृश्य अडखळतें. त्याचें कारण बहुधा घरांतच असतें: तापलेलें यंत्र, मागें चालू राहिलेले इतर प्रोग्रॅम, किंवा यंत्रास न झेपणारा चित्रांचा थाट. विलंबाची गोष्ट वेगळी. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणून मुंबईहून लंडनच्या सर्व्हरकडे संदेश जाऊन परत येण्यास निदान ७० मिलिसेकंद लागणारच. तेथें अपराध कोणाचाच नाहीं.

परीक्षा सोपी आहे. इंटरनेटवांचून एकट्यानें खेळून पाहावें. तरीही चित्र अडखळलें तर दोष आपल्याच यंत्राचा. मग एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं. आणि सर्व सुरळीत होऊनही हार झाली तर? मला वाटतें, पुष्कळांना ही परीक्षा नकोशी होते ती याच भीतीनें. परंतु जो आपली सबब स्वतः तपासून टाकून देतो, त्यालाच आपल्या हाताची खरी पारख होते.