श्रवण आणि हाक



पन्नास वर्षे या देहाकडून कीर्तनसेवा घडली. तीन वर्षांपूर्वी गळ्याने आणि गुडघ्यांनी एकाच महिन्यात रामराम ठोकला, तेव्हा नारदांच्या गादीवरून खाली उतरलो आणि श्रोत्यांत येऊन बसलो. वाटले होते, जन्मभर बोललेल्या माणसाला ऐकणे काय अवघड? नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. मी दुसरी पायरी आधी चढलो होतो, आता पहिलीवर आलो. आणि या पहिल्या पायरीवर माझा पाय कसा घसरला, ते आज तुम्हाला सांगायचे आहे. पाय माझा घसरला, पडले मात्र दुसरेच कोणी.

आधी माझ्या कानांची हकिगत. पाठीशी वीस-वीस जोड टाळ, उजव्या हाताला पखवाज आणि डोक्यावर कर्णा, असे रोज दोन तास आयुष्यभर उभे राहिल्यावर कान शाबूत राहतील कसे? डॉक्टरांनी सांगितले, वयाने आणि मोठ्या आवाजाने बारीक, उंच ध्वनी आधी जातात. स, श, त, फ ही व्यंजने त्या बारीक ध्वनींतली. म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. साखर संपली की भाकर झाली, हे मी सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावरून ओळखतो. सप्ताहाच्या मंडपात बसलो तर नुसता घुमारा ऐकू येतो.

म्हणून गेल्या चैत्रात पुण्याहून नातू आला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हाला चांगला फोन आणि कानात घालायचे बिनवायरचे बड्स घेऊ. कीर्तन थेट कानात." अकलूजला गेलो. दुकानातल्या मुलाने विचारले, "बाबा, रॅम किती पाहिजे?" मी ऐकले, राम किती पाहिजे. म्हटले, "बाळा, जेवढा असेल तेवढा दे." सगळे दुकान हसले. नंतर नातवाने समजावले की चालू काम जिथे मांडलेले असते ती रॅम, फोन बंद केला की ती रिकामी; आणि जे साठून राहते ते स्टोरेज. मंडपाबाहेर चप्पल सापडेपर्यंत टिकणारे निरूपण ते रॅममधले आणि घरी पोचूनही उरते ते स्टोरेजमधले. आणखी पाच वर्षे कीर्तन करता आले असते तर हा दृष्टांत मी सोडला नसता.

बड्स निवडताना किमतीपेक्षा कानाचे माप महत्त्वाचे, हे तिथे कळले. डबीत रबरी बोंडांचे तीन आकार येतात. बोंड सैल बसले तर आवाज पातळ लागतो. माझ्या कानाला मोठे बसले. ज्या ब्लूटूथने हे बड्स फोनशी जोडले जातात, ते नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतले आहे. त्याने विखुरलेली माणसे एका राज्यात जोडली म्हणे. माउलींच्या आधी तीनशे वर्षांचा राजा, आणि आज त्याचे नाव प्रत्येकाच्या खिशात आहे.

पण नातू अडून बसला तो दुसऱ्याच गुणासाठी. बाहेरचा गोंगाट पुसणारे बड्स हवेत, असा त्याचा हट्ट. युक्ती अशी आहे: आवाज म्हणजे हवेतली लाट. बड्समधला छोटा माइक बाहेरची लाट टिपतो आणि यंत्र बरोबर तिच्या उलटी लाट कानात सोडते. उंचवट्यावर खळगा आला की दोन्ही मिळून सपाट. पंख्याची किंवा गाडीची एकसारखी घरघर त्याने चांगली पुसली जाते. दुकानात मी ते कानात घातले आणि रस्ता, पंखा, गिऱ्हाईक सगळे विरघळून गेले. समाधी लागल्यासारखे वाटले. (समाधी एवढी स्वस्त असती तर आळंदीला कोण गेले असते?) चार पैसे जास्त देऊन तेच घेतले.

लाभ झाला, हे नाकारणार नाही. आमच्या बुवांच्या, म्हणजे ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांच्या, एका काल्याच्या कीर्तनाची जुनी कॅसेट होती. नातवाने ती फोनमध्ये उतरवून दिली. बुवा जाऊन तीस वर्षे झाली. पहाटे अंधारात त्यांचा आवाज कानात आला तेव्हा मी उठून बसलो आणि नकळत हात जोडले. मग एक गोष्ट लक्षात आली. बुवा फार हळू आवाजात काही सांगत आहेत, आणि त्यांच्या त्या शब्दांवर एक टाळ सारखा आपटतो आहे. बुवांच्या मागे डाव्या हाताला कोण उभे होते? मीच होतो. माझा टाळ मी ओळखतो. त्या वेळी वाटत होते, किती तल्लीन झालो आहे आपण! बुवा काय सांगत होते ते मात्र मीही ऐकले नव्हते आणि आता कोणालाच ऐकता येणार नव्हते.

आषाढात पालखी आमच्या वेळापुरात आली. सकाळी दिंड्या पुढे निघाल्या, मी रस्त्याच्या कडेला दर्शनाला उभा होतो. एका दिंडीत पंचविशीतला मुलगा, कपाळी बुक्का, गळ्यात माळ आणि कानात बड्स. मला राग आला. समोर एवढा नामघोष आणि याच्या कानाला बूच! मी त्याला थांबवून चार शब्द सुनावले. तो पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, मी ऐकत नाही, ऐकवतोय." त्याची बायको बाळंतीण होऊन माहेरी होती. दर वर्षी दोघे मिळून चालायचे. तिला दिंडीचे भजन ऐकवावे म्हणून त्याने फोन लावला होता, पण तिला फक्त याचा आवाज जात होता. भजन काही पोचत नव्हते. बड्सच्या माइकने टाळमृदंग हा गोंगाट धरून गाळून टाकला होता! शेवटी त्याने बड्स काढून खिशात घातले, फोनचा आवाज मोकळा केला आणि हात उंच करून फोन टाळकऱ्यांकडे धरला. तसाच चालत तो पुढे गेला. मी मुकाट्याने बाजूला झालो. यंत्राला त्यात दोष नाही. बोलणाऱ्याचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा टाकायचा, एवढेच त्याला शिकवलेले असते.

मग श्रावण लागला. पावसाची झिमझिम होती. मी ओसरीवर बड्स घालून बुवांचे तेच कीर्तन चौथ्यांदा ऐकत होतो, डोळे मिटून. सौभाग्यवती परसात गेल्या, न्हाणीच्या ओल्या दगडावरून पाय निसटला आणि हातावर पडल्या. माझ्यापासून पंधरा पावलांवर. त्यांनी हाका मारल्या. किती मारल्या ते त्या सांगत नाहीत. शेजारची सून त्या हाका ऐकून धावत आली आणि तिने मला खांद्याला धरून हलवले, तेव्हा मी डोळे उघडले. उघडताना मनात जे आले ते लपवत नाही: आत्ताच का, असे आले.

मनगट मोडले होते. दीड महिना प्लास्टर.

यंत्राने हाक पुसली असे म्हणून मला सुटता येत नाही. घरघर पुसणाऱ्या यंत्राला माणसाचा आवाज तेवढा पुसता येत नाही. पण घट्ट बोंड, वरून कीर्तन आणि मुळातच अधू कान. शिवाय बाहेरचा आवाज आत येऊ देण्याची सोयही त्याच बड्समध्ये आहे, ती मी बंद ठेवली होती. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "तुमचं कीर्तन चाललंय हे मला ठाऊक होतं." त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या वाक्यात पंचावन्न वर्षांचा संसार होता. चातुर्मासात मी घरी नसायचो, सप्ताहांत नसायचो, मुलगी तापाने फणफणली तेव्हाही नव्हतो. कीर्तन चालले आहे हे त्यांना नेहमीच ठाऊक असायचे.

माउली, आता तुम्हीच सांगा, ते श्रवण होते का? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे अवधान मागतात. त्या ओव्यांवर मी कितीतरी वेळा निरूपण केले. अवधान म्हणजे बाकी सगळे तोडून एकाकडे लागणे, असे मी सांगत आलो. तसे असेल तर या बड्सएवढा श्रेष्ठ श्रोता नाही. पण मला आता मंडपातल्या त्या बाया आठवतात, मांडीवर लेकरू घेऊन पुढे बसणाऱ्या. डोळे बुवांकडे, आणि लेकरू नुसते कुरकुरले तरी हात आपोआप थोपटायला लागे. तिचे कीर्तनही सुटत नसे आणि लेकरूही. आणि मी काय करत असे? रडणे वाढले की गादीवरून म्हणत असे, "माय, जरा त्याला बाहेर घेऊन जा." बाहेरचा आवाज पुसणारे यंत्र बाजारात आले नव्हते तेव्हापासून मी ते काम करतो आहे. उठून अंधारात गेलेल्या त्या बायांना पुढचे निरूपण ऐकता आले नाही, याचा हिशेब कोणाच्या नावावर?

पुंडलिकाची कथा तर आपल्या संप्रदायाचा पाया. देव दारात आला आणि हा आईबापांच्या सेवेतून उठला नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, म्हणून तर पंढरी झाली. मी ती कथा हजारदा रंगवली, लोकांना रडवले. पण त्या दिवशी ओसरीवर मी बरोबर उलटे केले: देवाला कानाशी घेऊन बसलो आणि माणसाला परसात थांबवले. आणि गंमत पाहा, समोर उभा बुवा असता तर कीर्तनातून उठणे अवघड होते, अवमान झाला असता. फोनमधल्या बुवांना तर एका बोटाने थांबवता येते. वीट माझ्या हातात होती, फेकायची मला सुचली नाही.

कोणी म्हणेल, मग ते बड्स टाकून द्या. दिले नाहीत. अधू कानांना त्यांच्यामुळे शब्द मिळतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी माणसांना रात्री तेवढाच आधार असतो. त्यांना मी काय तोंडाने सांगू?

सध्या आमच्याकडे असे चालले आहे. एक बड माझ्या उजव्या कानात, दुसरा त्यांच्या डाव्या. त्यांना सगळ्यांत लहान बोंड लागते, तरी ते निसटते आणि गोधडीत शोधावे लागते. बुवांचे कीर्तन लावतो. परवा दूधवाल्याने हाक मारली, मला अर्थातच ऐकू आली नाही. त्यांनी प्लास्टरचा हात उचलला आणि मी बोट टेकवून बुवांना थांबवले. दूध घेऊन, तापवून, परत येऊन बसलो. पुन्हा सुरू केले तर त्या म्हणाल्या, "अहो, बुवांच्या मागे तो टाळ कोण वाजवतंय? शब्दच ऐकू देत नाही मेला."

मी अजून सांगितलेले नाही.