दंतकथा बदलावी, पण कोठवर?

जुनी कथा नव्याने सांगताना सांगणाऱ्याने तीत किती बदल करावा, हा प्रश्न वरवर पाहता साहित्याचा वाटतो. परंतु थोडा विचार केला तर तो नीतीचाही आहे, असे दिसून येते. कारण ज्या माणसांविषयी कथा सांगितली जाते ती आपली बाजू मांडायला हजर नसतात. आणि ऐकणारी बहुधा मुले असतात, ज्यांच्या कानावर ती गोष्ट प्रथमच पडत असते.

हल्ली गोष्टी सांगण्याचे हे काम आजी-आजोबांपेक्षा चित्रपटच अधिक करतात. युरोपच्या मध्ययुगातील दंतकथा, त्यातही इंग्लंडचा राजा आर्थर आणि शेरवुडच्या रानातील रॉबिन हूड, यांवर मारधाडीचे चित्रपट थोड्या थोड्या वर्षांनी निघतच असतात. आपली नातवंडे ते पडद्याखालची हिब्रू वाक्ये वाचत मोठ्या आवडीने पाहतात. म्हणून या चित्रपटांविषयी, आणि त्यांवरून होणाऱ्या वादाविषयी, चार शब्द लिहावेसे वाटले.

२०१७ साली गाय रिची या दिग्दर्शकाचा आर्थर राजावरील चित्रपट आला. त्यात आर्थर वेश्यागृहात वाढलेला, लंडनच्या गल्लीबोळांत मारामाऱ्या करणारा दांडगा तरुण आहे. आरंभीच डोंगराएवढे हत्ती किल्ल्यावर चालून येतात. सुमारे साडेसतरा कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाची जगभरातील तिकीटविक्री पंधरा कोटींच्या आतच राहिली. असे सहा चित्रपट काढण्याचा बेत होता, तो पहिल्यावरच थांबला. समीक्षकांनी त्याला झोडपले. मात्र तिकीट काढून गेलेल्या पुष्कळ प्रेक्षकांनी, करमणूक झाली, असेच सांगितले. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, रॉबिन हूडवर एक नवा चित्रपट निघाला. त्यातील धर्मयुद्धाचा प्रसंग आजच्या लढाईसारखा घेतला आहे. बाण मशीनगनच्या गोळ्यांसारखे सुटतात आणि पात्रांचे कपडे आजच्या दुकानातून आणल्यासारखे दिसतात. तोही पडला. उलट १९९१ साली केविन कॉस्टनरने केलेल्या रॉबिन हूडच्या इंग्रजी उच्चारांची समीक्षकांनी थट्टा केली, तरी तो चित्रपट जगभर तुफान चालला.

या सर्व चित्रपटांविरुद्ध एक तक्रार नेहमी ऐकू येते: "यांनी मूळ कथा बिघडविली." या तक्रारीत कितपत तथ्य आहे ते आधी पाहू.

मूळ कथा म्हणजे कोणती? आर्थर राजाची कथा जगभर प्रसिद्ध केली ती मॉन्मथच्या जेफ्रीने, सुमारे ११३६ साली, लॅटिन भाषेत. त्याच्या ग्रंथात गोल मेज नाही. ते वास नावाच्या कवीने ११५५ मध्ये आणले. लान्सलॉट आणि राणी यांचे प्रेम त्यानंतर फ्रेंच कवी क्रेतियँने घातले. दगडातून उपसलेली तलवार त्याहून मागाहून आली. इंग्रजीत ही सारी कथा एकत्र गुंफणारा मॅलरी पंधराव्या शतकातला. त्याचे पुस्तक कॅक्स्टनने छापले १४८५ मध्ये, म्हणजे जेफ्रीनंतर साडेतीनशे वर्षांनी. रॉबिन हूडचेही तेच. त्याचा जुना उल्लेख सुमारे १३७७ च्या एका इंग्रजी काव्यात सापडतो. त्यात एक आळशी पाद्री कबूल करतो की आपल्याला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी मात्र पाठ आहेत! जुन्या गाण्यांतला रॉबिन सरदार नव्हे, साधा गावकरी आहे. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गाण्यात राजाचे नाव एडवर्ड आहे. रिचर्डच्या काळात त्याला नेऊन बसविले ते १५२१ साली एका स्कॉटिश पंडिताने. त्याला उमराव केले सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका नाटककाराने. आणि त्याचा मुसलमान सोबती तर १९८४ च्या एका दूरदर्शन मालिकेतून आला; तो लोकांना इतका आवडला की पुढच्या चित्रपटांनी त्याला सोडलेच नाही.

तेव्हा दंतकथा ही मुळात अनेक हातांनी शिवलेली गोधडी आहे. तिला नवे ठिगळ लावले म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. जुने तेवढे पवित्र, असेही म्हणण्याची सोय नाही. एका जुन्या गाण्यात रॉबिन आपल्या शत्रूचे मुंडके कापून त्याचा चेहरा सुरीने विद्रूप करतो. आजचा कोणी दिग्दर्शक ते मुलांच्या चित्रपटात घालणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्या लोकांनीही या गोधडीला एक टाका घातला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १२७९ साली उत्तर इटलीतील एका यहुदी लेखकाने आर्थर राजाची कथा हिब्रूत उतरविली. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याची अपुरी राहिलेली एकमेव हस्तलिखित प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. परक्या राजांच्या या गोष्टी पवित्र भाषेत का लिहिल्या, याचा खुलासा त्याने आरंभीच केला आहे. मनाची उदासी घालवावी हे एक कारण. आणि वाचणाऱ्याने पापाचा शेवट पाहून पश्चात्तापाकडे वळावे, हे दुसरे व मोठे कारण. रब्बान योहानान बेन झक्काई यांच्यासारख्या थोर गुरूंनी कोल्ह्यांच्या गोष्टीही त्याज्य मानल्या नाहीत, असा दाखलाही तो देतो. त्याने बदलही केला. ख्रिस्ती लोकांचा जो पवित्र प्याला, 'ग्रेल', त्यासाठी त्याने 'तमहुई' हा शब्द योजला. म्हणजे गरिबांना वाटायचे अन्न जमा करण्याचे ताट. केवढा हा फरक! परंतु आपण काय करीत आहोत आणि का, हे त्याने वाचकाला आधी सांगितले. बदलाची लाज नाही आणि लपवाछपवीही नाही.

बदल करणे हा गुन्हा नव्हे, हे ठरले. मग वाटेल तो बदल चालेल काय? मला तसे वाटत नाही. नव्याने सांगितलेल्या कथेला दोन प्रश्न विचारून पाहावेत, असे मी सुचवितो.

पहिला प्रश्न असा: या कथेत केलेल्या कृत्याची किंमत कोणी मोजतो काय? जुन्या दंतकथांत रक्तपात भरपूर आहे, पण हिशेबही आहे. आर्थरचे राज्य त्याच्याच घरातील पापामुळे लयास जाते. रॉबिन हूड अखेर आपल्याच नात्यातील बाईच्या हातून, रक्त काढण्याच्या निमित्ताने, मारला जातो. मारधाडीच्या नव्या चित्रपटांत माणसे डझनांनी पडतात आणि पुढच्याच दृश्यात नायक विनोद करतो. पडलेल्याला नाव नाही, आई नाही, उद्या नाही. माझ्या मते समीक्षकांची खरी नाराजी येथे असावयास हवी होती; हत्ती किती मोठे होते आणि कपडे कोणत्या शतकातले होते, यात नव्हे.

याच्या उलट उदाहरण २०२१ सालच्या 'द ग्रीन नाइट' या चित्रपटाचे. त्यात गवेनचे काम देव पटेल या भारतीय वंशाच्या नटाने केले आहे. चौदाव्या शतकातील त्या काव्याची कथा अशी: नाताळच्या दिवसांत एक हिरवा योद्धा आर्थरच्या दरबारात येतो आणि म्हणतो, आज मला घाव घाला, वर्षाने तोच घाव माझ्याकडून घ्या. गवेन त्याचे मस्तक उडवितो. योद्धा ते उचलून चालता होतो. आता दिलेला शब्द पाळायचा की जीव वाचवायचा? काव्यात गवेन प्राण वाचविणारा एक पट्टा लपवून ठेवतो, मानेवर थोडीशी जखम घेऊन परततो आणि तो पट्टा आपल्या लाजेची खूण म्हणून अंगावर वागवितो. चित्रपटात शेवट निराळा आहे. तेथे तो अखेरच्या क्षणी पट्टा काढून टाकतो. घटना बदलली, परंतु प्रश्न तोच राहिला, आणि किंमतही तीच. समीक्षकांनी वाहवा केली. तलवारबाजी पाहायला आलेले बरेच प्रेक्षक मात्र नाराज होऊन बाहेर पडले. प्रामाणिक कथा नेहमी गोड लागतेच असे नाही.

दुसरा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे: ही कथा सांगताना कोणाला वगळले?

रॉबिन हूडच्या बहुतेक चित्रपटांत राजा रिचर्ड म्हणजे चांगुलपणाचा पुतळा. तो धर्मयुद्धाहून परत आला की सगळे आलबेल होते. आता याच राजाच्या काळातील काही तारखा पाहा. ३ सप्टेंबर ११८९ रोजी लंडनमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. नजराणे घेऊन आलेल्या यहुद्यांना दारातून हुसकावले गेले आणि शहरात दंगल होऊन अनेकांचे प्राण गेले. पुढल्या मार्चमध्ये, पेसाहच्या अगोदरच्या शब्बाथला, यॉर्क शहरातील सुमारे दीडशे यहुदी जमावाच्या भीतीने किल्ल्याच्या बुरुजात कोंडले गेले. कित्येकांनी धर्म सोडण्यापेक्षा आपल्या हातांनी मरण पत्करले. उरलेले जमावाने मारले. मग हल्लेखोरांनी मोठ्या चर्चमध्ये जाऊन आपल्या कर्जाचे कागद जाळून टाकले. रिचर्ड त्या वेळी फ्रान्समध्ये होता आणि ही कत्तल त्याच्या हुकमाने झाली नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण पुढे तो परदेशात कैद झाला, तेव्हा त्याच्या सुटकेच्या खंडणीसाठी इंग्लंडच्या उरलेल्या यहुद्यांवर ११९४ साली ५,००० मार्कांची आकारणी झाली. शेरवुडचे रान यॉर्कपासून फार दूर नाही. पण पडद्यावरील त्या रानातून तो बुरूज सहसा दिसत नाही.

वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीने यॉर्कचा आयझॅक आणि त्याची कन्या रेबेका यांना या दंतकथेत जागा दिली, आणि १९५२ च्या चित्रपटात एलिझाबेथ टेलरने रेबेका साकारली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आणि आपण येथे इस्राएलात राहणाऱ्यांनी तर रिचर्डचे दुसरे कृत्यही विसरू नये. हैफाच्या उत्तरेस अक्को शहर आहे. मुलांना घेऊन आपण तेथे सहलीला जातो, तटावरून समुद्र पाहतो. ऑगस्ट ११९१ मध्ये त्याच शहराबाहेर रिचर्डने सुमारे २,७०० मुसलमान कैदी मारविले. रिडली स्कॉटच्या २०१० सालच्या चित्रपटात रॉबिन हा साधा तिरंदाज राजाच्या तोंडावर सांगतो की अक्कोच्या त्या हत्येमुळे देव आपल्यावर प्रसन्न राहणार नाही. आणि या खरेपणाबद्दल त्याला खोड्यात अडकविले जाते. हा प्रसंग कोणत्याही जुन्या गाण्यात नाही. तो सर्वस्वी नवा आहे. तरीही मला तो जुन्या कथेशी अधिक इमानदार वाटतो. कारण गांजलेल्याची बाजू घेणारा तोच रॉबिन हूड.

कोणी म्हणेल, "अहो, दोन घटका करमणूक, तिच्यावर एवढे ओझे कशाला?" ही हरकत अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक चित्रपट इतिहासाचा तास झाला तर कोणी पाहणार नाही, आणि उपदेशाने भरलेली कथा मरते हेही खरे. परंतु इतिहासाचे जाडे ग्रंथ किती जण वाचतात? रिचर्ड चांगला होता हे मुलाला कोणी शिकविलेले नसते. ते त्याने हसत-खेळत पाहिलेले असते, म्हणूनच ते पक्के बसते. करमणुकीत शिरलेले असत्य उपदेशातील असत्यापेक्षा अधिक टिकते.

कथेत भर कशी घालावी, याचा उत्तम धडा आपल्याच परंपरेत आहे. तांबडा समुद्र दुभंगला, इस्राएल पार झाले, मिसरी सैन्य बुडाले, आणि मोशे रब्बेनूंनी गीत गाइले, हे तोरात आहे. आपल्या ज्ञानी गुरूंनी तालमूदमध्ये त्याला एक जोड दिली: देवदूतही गाऊ लागले, तेव्हा परमेश्वराने त्यांना थांबविले, कारण बुडणारे तेही त्याच्याच हातांची निर्मिती होते. मोशेचे गीत गुरूंनी काढून टाकले नाही. सुटका झालेल्याचा आनंद तसाच ठेवला, आणि बुडणाऱ्याचे दुःख त्याच्या शेजारी आणून बसविले. ज्या बदलाने एक माणूस कथेत वाढतो तो बदल चांगला. ज्याने एक माणूस पुसला जातो तो वाईट. माझ्या दृष्टीने सारा विचार एवढ्या वाक्यात येतो.

हा विचार केवळ चित्रपटवाल्यांसाठी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आपल्या वाडवडिलांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी कीर्तनात, साकी-दिंडीच्या चालींवर बांधल्या. तोराला महाराष्ट्राची चाल लावणे हा मोठाच बदल होता. पण त्यामुळे हिब्रू न समजणाऱ्या बायका-मुलांनाही त्या कथांत जागा मिळाली. आता पारडे फिरले आहे. हिब्रू नातवंडांची झाली आणि मराठी आपल्यापाशी उरली. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची, कोकणात तेल गाळणाऱ्या शनिवार तेल्यांची गोष्ट त्यांना सांगायची तर ती हिब्रूतच, आणि त्यांना रुचेल अशा रीतीने सांगावी लागणार. बदल टळत नाही.

तेव्हा तो करताना तेच दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. गलबत फुटले, एवढे थरारक सांगून थांबू नये. किनाऱ्यावर आलेल्या प्रेतांचे दफनही सांगावे. आपले पूर्वज शूर होते हे सांगताना, ज्या कोकणी गावकऱ्यांनी त्या अनोळखी माणसांना आसरा दिला त्यांना गोष्टीतून गाळू नये. आणि नातवंडे आर्थरचा किंवा रॉबिनचा चित्रपट पाहत असतील तर तो बंद करण्याचे कारण नाही. शेजारी बसून पाहावा, आणि संपल्यावर एवढेच विचारावे: "यात कोणाची गोष्ट सांगायची राहिली?" मूल विचारात पडेल. कदाचित उत्तरही देईल.